पाळणाघराची फी आणि तासांचा हिशेब

डोंबिवली, विरार, पिंपरी-चिंचवड, कुठेही घरगुती पाळणाघराची चौकशी करायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: "काकू, महिन्याचे किती घेता?" उत्तरही महिन्याचंच मिळतं. चार हजार, साडेचार, फार तर पाच. तासांचा विषय कुणी काढत नाही. पालक विचारत नाहीत आणि काकूही सांगत नाहीत. या कामाचा मोबदला रास्त आहे की नाही हे ठरवायचं तर मात्र सुरुवात तासांपासूनच करावी लागते.

डोंबिवलीचंच उदाहरण घेऊ. आईबाबा दोघंही मुंबईला नोकरीला. साडेनऊला ऑफिस गाठायचं तर मूल आठच्या आत काकूंच्या हाती द्यावं लागतं. संध्याकाळी सहाला सुटून लोकल पकडायची, उतरल्यावर रिक्षाची रांग लावायची, असं करत मूल घरी न्यायला आठ वाजतात. म्हणजे बारा तास. कुणाला दुसरा-चौथा शनिवार सुट्टी असते, कुणाला सगळे शनिवार. पण सहा मुलांपैकी एकाची जरी आई शनिवारी कामावर गेली तरी पाळणाघर उघडं ठेवावं लागतं, म्हणून महिन्याचे २६ दिवस धरायचे. झाले ३१२ तास. त्यात रोजचा एक तास मिळवा: सकाळची केर-फरशी, भाजी आणणं, रात्री चटया पुसणं, दुपटी धुवायला टाकणं. एकूण ३३८. दुकानं आणि आस्थापनांच्या कायद्यात नोकरदाराला आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे, म्हणजे महिन्याला साधारण २०८ तास. त्यापुढच्या तासांना दुप्पट दराने पैसे द्यावे लागतात. काकू दीडपटीहून जास्त तास राबतात, तेही एकाच दराने.

आता पैसे. सहा मुलं धरू. चार पूर्ण दिवसाची, प्रत्येकी ४,५००, आणि दोन "अर्ध्या दिवसाची", प्रत्येकी २,५००. महिन्याची जमा २३,०००. शेजारच्यांना एवढाच आकडा दिसतो, आणि "घरबसल्या तेवीस हजार!" असं कौतुकही होतं. खर्चाकडे कुणाचं लक्ष जात नाही, म्हणून तो सविस्तर लिहिते.

चार मुलांचं दुपारचं जेवण म्हणजे दीड वाटी तांदूळ, पाऊण वाटी तूरडाळ, पाच-सहा लहान पोळ्या, एक भाजी, वर चमचाभर तूप. चारला उपमा, शिरा किंवा केळं-दूध. माणशी दिवसाला ३५ रुपये धरले तर चार मुलांचे २६ दिवसांचे ३,६४०. अर्ध्या दिवसाची मुलं डबा आणतात, पण चारचं खाणं त्यांनाही द्यावं लागतं. समोर चौघं खात असताना दोघांना नुसतं बसवता येत नाही. दिवसाला १५ रुपयांप्रमाणे दोघांचे ७८०. मदतीला येणाऱ्या मावशी ४,०००. दिवसभर पंखे, वॉशिंग मशीन, गरम पाणी यांचं वाढीव वीजबिल ९००. जादा गॅस ६००. साबण, फिनेल, टिश्यू, पोछ्याची फडकी ५००. खेळणी, रंगखडू, फाटलेल्या चटया ४००. पाण्याचा आणि लिफ्टचा वापर जास्त म्हणून सोसायटी घेते ते ५००. प्रथमोपचाराच्या पेटीचे १००. बेरीज ११,४२०. हातात उरले ११,५८०.

हे भरलेल्या महिन्याचं झालं. मे महिन्यात दोन मुलं आजोळी जातात आणि फी येत नाही. तिथे जेवणाची बचत वजा करून ७,१८० गेले. जूनमध्ये मुलं मोठ्या शाळेत जातात, किंवा गावाहून सासूबाई राहायला येतात आणि मूल काढून घेतलं जातं. दोन जागा दीड महिना रिकाम्या राहिल्या की आणखी १०,७७० गेले. ही तूट बारा महिन्यांवर पसरली की महिन्याची खरी मिळकत १०,०८० च्या आसपास येते. भागिले ३३८ तास. तासाला ३० रुपये.

फेब्रुवारी २०२५ पासून मुंबई महानगर परिसरात रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये आहे, तेही पहिल्या दीड किलोमीटरला. पालकाच्या बाजूने पाहिलं तर साडेचार हजारांत ३१२ तास, म्हणजे एका मुलाचे तासाला साडेचौदा रुपये. रोज स्टेशनपर्यंतच्या रिक्षाला जेवढे मोजता तेवढ्यात मूल पावणेदोन तास सांभाळून होतं, आणि त्यात जेवणही आलं.

"अर्धा दिवस" तर आणखी मजेशीर आहे. बालवर्गाची व्हॅन साडेबाराला येते आणि आई आठला. साडेसात तास! दुसरीकडे एवढ्या वेळाला पूर्ण पाळी म्हणतात. २,५०० भागिले १९५ तास केलं तर पावणेतेरा रुपये पडतात. म्हणजे अर्ध्या दिवसाचं मूल पूर्ण दिवसाच्या मुलापेक्षाही स्वस्तात सांभाळलं जातं, आणि नेमकं दिवसातल्या सगळ्यात गर्दीच्या वेळी येतं.

ती वेळ जवळून पाहण्यासारखी आहे. पावणेबाराला आठ महिन्यांच्या बाळाला मऊ भात भरवायचा, कारण सव्वाबाराला ते झोपेला येतं. ते मांडीवर पेंगत असतानाच दोन वर्षांचं पोर वाटी पालथी करतं. तिसरं "शू" म्हणतं, आणि ते म्हणतं तेव्हा जेमतेम वीस सेकंद हातात असतात. तेवढ्यात खाली व्हॅनचा हॉर्न वाजतो. व्हॅनवाले दादा मूल गेटवरच सोडतात, वर आणून देत नाहीत. म्हणजे बाळाला कडेवर घ्यायचं, बाकीच्या तिघांना घरात ठेवायचं आणि खाली जायचं. इथेच अपघात होतात. गॅसवर कुकर असतो, बाथरूममध्ये भरलेली बादली असते, खिडकीखाली कुणीतरी खुर्ची ओढून ठेवलेली असते. एक वर्षाच्या मुलाला दोन इंच पाणीही जीवघेणं ठरू शकतं. म्हणून बादल्या पालथ्या ठेवणं आणि बाथरूमची कडी बाहेरून वर लावलेली असणं हा नियमच हवा.

यावर उपाय साधा आहे, पण फार थोड्या घरांत दिसतो. मदतीच्या मावशींची वेळ सकाळची न ठेवता बारा ते तीन ठेवायची. सवयीने सगळ्याजणी मावशींना सकाळी केर-भांड्यांना बोलावतात, आणि बारा वाजता एकट्या पडतात. भांडी दुपारी तीनलाही घासता येतात. व्हॅन मात्र साडेबारालाच येते. तेच चार हजार, पण योग्य वेळी. दाराची बेल दुपारी बंद ठेवायची, नाहीतर कुरिअरवाला आला की बाळ उठतं आणि पुढचे दोन तास कुणालाच झोपू देत नाही.

मिळकत वाढवायला मुलं वाढवा, असा सल्ला हमखास मिळतो. मातृत्व लाभ कायद्याखालच्या पाळणाघरांसाठी केंद्र सरकारने २०१८ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक प्रशिक्षित सेविका, जोडीला मदतनीस, असं प्रमाण आहे. तिथे स्वयंपाकाची, देखरेखीची माणसं वेगळी असतात. घरगुती पाळणाघरात स्वयंपाक, भरवणं, झोपवणं, दार उघडणं, फोन घेणं, सगळं एकीच्याच अंगावर असतं. आमच्या मते एक बाई आणि दुपारच्या मावशी एवढ्या मनुष्यबळावर सहा मुलं ही हद्द आहे. त्यात दीड वर्षाखालचं एकच. दोन तान्ही एकदम रडायला लागली की उरलेल्या चौघांवर कुणाचीच नजर राहत नाही. आठवं-नववं मूल घेतलं की आधी बिघडतं ते जेवण. भरवण्याऐवजी उरकणं सुरू होतं. नंतर झोप बिघडते आणि शेवटी काकूंचा आवाज चढतो. २०१६ साली खारघरच्या पाळणाघरातल्या मारहाणीचं सीसीटीव्ही चित्रण राज्यभर पाहिलं गेलं. त्यानंतर पालक कॅमेरा मागायला लागले, आणि ते योग्यच आहे. पण एका बाईच्या पदरात किती मुलं आहेत हे विचारणारे अजूनही थोडे. कॅमेरा झाल्यावर दाखवतो. मुलांची संख्या आधीच सांगते.

मग दर वाढत का नाही? काकू बिचाऱ्या भिडस्त म्हणून, हे कारण अर्धवट आहे. खरी अडचण अशी की पाळणाघराची फी घराच्या उत्पन्नातून जाते असं कुणी मानतच नाही, ती आईच्या पगारातून वजा होते. बावीस हजार हातात येतात, पास आणि रिक्षाचे अडीच हजार जातात, पाळणाघराचे साडेचार, मग "तुझ्या नोकरीतून उरतं काय?" हा प्रश्न घरात सुरू होतो. बाबांच्या पगारातून फी वजा करून हा प्रश्न कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. त्यामुळे फी पाचशेने वाढली तरी आधी हलते ती आईची नोकरी. काकूंना हे माहीत असतं, म्हणून त्या बोलत नाहीत. एका बाईची नोकरी दुसरीच्या स्वस्त मजुरीवर उभी आहे, आणि तिसरा कुणी खिशात हात घालत नाही.

मालकाने घालावा असं कायदा म्हणतो. २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा १२ वरून २६ आठवड्यांवर गेली, आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटता आलं पाहिजे हेही त्यातच आहे. कागदावर छानच. पण सहा महिन्यांचं बाळ घेऊन सकाळच्या लोकलमध्ये चढायचं कसं? उपनगरातल्या आईला पाळणाघर घराजवळच लागतं. कंपनीने त्याची फी भरली तर कायद्याचा हेतू साधेल. काही मोठ्या कंपन्या तसा भत्ता देतातही. पालकांनी आपल्या एचआरला एकदा विचारून तरी पाहावं. त्यासाठी पावती लागते, आणि पावती देणारी काकू विरळा. आयकरातही शाळेच्या ट्यूशन फीला जुन्या करप्रणालीत वजावट आहे, पाळणाघराच्या फीला नाही.

सरकार स्वतः मोल किती करतं तेही पाहा. राष्ट्रीय पाळणाघर योजनेत २०१७ पासून सेविकेला महिन्याला ३,००० आणि मदतनिसाला १,५०० रुपये मानधन होतं. काम रोज साडेसात तास, महिन्याला २६ दिवस. तासाला साधारण पंधरा रुपये. ही योजना २०२२ मध्ये "पाळणा" नावाने केंद्राच्या महिलांसाठीच्या मिशन शक्तीत गेली. मानधन म्हटलं की वेतनाचे नियम लावायला नकोत, ही सोय सरकारलाही मानवते. घरगुती पाळणाघरवालीच्या वाट्याला तर मानधनही नाही. ती दुसऱ्याच्या घरी जात नाही म्हणून घरेलू कामगार मंडळात बसत नाही. तिला मालक नाही म्हणून किमान वेतन नाही. ई-श्रमवर, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर, मात्र नोंदणी होते, ती करून टाकावी. छोट्या व्यवसायांची सरकारी उद्यम नोंदणी फुकट आहे. कामाला एक-दोनच माणसं असतील तर गुमास्ता नोंदणीऐवजी नुसती ऑनलाइन सूचना पुरते. जीएसटीची भीती नको, सेवांना वर्षाला वीस लाखांपर्यंत नोंदणीच लागत नाही, आणि इथे सगळी उलाढाल पावणेतीन लाखांची आहे.

रास्त फी किती, हे मांडून बघू. शहरी भागात दुकानं-आस्थापनांतल्या अर्धकुशल कामगाराचं किमान वेतन विशेष भत्त्यासह चौदा हजारांच्या आसपास आहे. २०८ तासांनी भागलं तर तासाला ६७ रुपये. मुलं सांभाळणं हे अर्धकुशल काम, हे आम्हाला मान्य नाही, पण हिशेबापुरतं धरू. ३३८ तासांचे साधारण २२,६५०. त्यात खर्च ११,४२० आणि रिकाम्या जागांची तूट १,५०० मिळवली की ३५,५७० जमा व्हायला हवेत. आजच्याच मुलांवर वाटले तर पूर्ण दिवसाची फी सात हजार येते. जादा तासांना दुप्पट दर लावला तर आठ हजार सातशे. साडेचार हजारांत जे चाललंय ते उरलेले अडीच हजार काकूच दर महिन्याला दर मुलामागे घालताहेत, असा त्याचा अर्थ.

एका झटक्यात सात हजार कुणी देणार नाही. पण गळती जिथे आहे तिथे बूच लावता येतं.

पहिली गळती उशिराची. मेसेज सगळीकडे सारखाच असतो: "काकू, गाडी मुंब्र्याला उभी आहे, अर्धा तास लागेल. त्याला जेवायला द्याल का प्लीज?" मूल उपाशी कसं ठेवणार, म्हणून काकू रात्रीचं जेवणही घालतात, आणि ते कुठल्याच हिशेबात येत नाही. बंद होण्याची वेळ साडेसात लिहून द्यायची. महिन्यातून दोनदा पंधरा मिनिटं माफ. त्यानंतर दर पंधरा मिनिटांना ३० रुपये, रात्रीच्या जेवणाचे ४० वेगळे. महिनाअखेरीस बिलात लावायचे, दारात मागायचे नाहीत. दारात मागितले की तोंडं वाकडी होतात आणि मूल ते बघत असतं. जुलैच्या पावसात रेल्वेच बंद पडली तर उशिराचे पैसे घ्यायचे नाहीत, फक्त जेवणाचे घ्यायचे.

दुसरी गळती रिकाम्या जागेची. प्रवेशाच्या वेळी एका महिन्याची फी अनामत, आणि मूल काढायचं तर एक महिना आधी कळवायचं, नाहीतर ती अनामत त्या महिन्याची फी धरायची. मे महिन्यात जागा राखायला अर्धी फी. फी पाच तारखेपर्यंत आगाऊ, यूपीआयवर, म्हणजे नोंदही राहते. "या महिन्यात तो आठ दिवस आजारी होता, कापून घ्या" ही मागणी दर महिन्याला येते. फी जागेची आहे, हजेरीची नाही, हे प्रवेशाच्या दिवशीच सांगितलेलं बरं. फार तर न केलेल्या जेवणाचे दिवसाला ३५ परत द्यावेत.

आजारपणाचा नियम पैशासाठीही लागतो. पावसाळ्यात हाता-पाया-तोंडावर पुरळ उठणारा संसर्ग एका मुलाला झाला की आठवड्याभरात तिघांना होतो, आणि पाळणाघर ओस पडतं. ताप असलेलं मूल घ्यायचं नाही, आणि औषध न देता चोवीस तास ताप नसेल तरच परत घ्यायचं. सकाळी घरी पॅरासिटामॉल पाजून आणलेलं मूल अकराला तापतं. असं होतं हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं. औषध द्यायचंच तर नाव, मात्रा आणि वेळ पालकांकडून मेसेजवर लिहून घ्यावी. फोनवर तोंडी सांगितलेलं चालवून घेऊ नये.

तिसरी गळती चुकीच्या दरांची. पूर्ण दिवस ५,५००, शाळेनंतरचं मूल ३,५००, आणि दीड वर्षाखालच्या बाळाला ७,५००, कारण ते दोघांचे हात अडवतं. तीन पूर्ण, एक तान्हं, दोन शाळेनंतरची. जमा ३१,०००. आधीपेक्षा आठ हजार जास्त. त्यातले पाच हजार फक्त तान्ह्याची आणि शाळेनंतरच्या मुलांची फी नीट लावल्यामुळे आले. खर्च तोच. अनामत आणि मेच्या अर्ध्या फीमुळे तूट महिन्याला ७०० च्या आत येते. साडेसातला बंद केलं की तास ३२५ होतात. मिळकत १८,९०० च्या आसपास, तासाला ५८ रुपये. किमान वेतनाच्या दराला अजूनही नऊ रुपये कमीच.

वाढ सांगण्याची वेळ एप्रिल. फीचं वर्ष १ जूनपासून धरायचं आणि दरवर्षी ८ ते १० टक्के वाढ होईल हे पहिल्याच दिवशी लिहून द्यायचं. जुन्या मुलांना एकदम हजार वाढवू नये, जूनला पाचशे आणि दिवाळीनंतर पाचशे. नव्या प्रवेशाला मात्र थेट नवा दर. "समोरच्या विंगमधल्या ताई चार हजारांत घेतात" असं ऐकायला मिळेलच. एका सोसायटीत चार जणी हे काम करत असतील तर चौघींनी बसून निदान बंद होण्याची वेळ आणि उशिराचा दर एक ठेवावा. मासिक फी प्रत्येकीची वेगळी राहिली तरी चालते, कारण कुणाकडे जेवण असतं, कुणाकडे डबा. सुट्ट्यांची यादीही जूनमध्येच द्यावी: आठ सणवार आणि वर्षाला दहा दिवस काकूंची स्वतःची रजा, पूर्ण फीसह. त्या दहा दिवसांची सोय पालकांनी आधीच बघून ठेवायची. ऐन गणपतीत फोन करून "काकू, फक्त दोन तास" म्हणायचं नाही, हेही त्याच कागदावर लिहावं.